मानेच्या 'बार'मधला आरसा आणि पेपरातले 'किमान तीन दृष्टिकोन'

तिरकी रेघ (प्रश्न)

कला-इतिहासाच्या पेपरसाठी एका चित्राचं विश्लेषण लिहायचं आहे. चित्र एकच, दृष्टिकोन किमान तीन, शब्दमर्यादा दीड हजार. चित्र ठरलंय: फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं 'अ बार ॲट द फोली-बेर्जेर', १८८२, लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीतलं. काउंटरमागे उभी असलेली मुलगी, तिच्यामागे मोठा आरसा, आरशात पॅरिसच्या त्या करमणूकगृहातली गर्दी.

अडचण अशी की कच्च्या मसुद्यात पहिला परिच्छेद 'रूपवादी (म्हणजे फक्त रेषा, रंग, आकार बघणारे) म्हणतात', दुसरा 'मार्क्सवादी म्हणतात', तिसरा 'स्त्रीवादी म्हणतात' असा झालाय. चित्र त्यात कुठेच नाही. तेच परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही चित्राखाली चिकटवले तरी खपून जातील.

नेमके प्रश्न:
१. सुरुवात कशाने करायची आणि किती शब्द कशाला द्यायचे?
२. मुलीचं प्रतिबिंब तिच्या मागे न दिसता पार उजवीकडे का आहे? कुणी चूक म्हणतं, कुणी मुद्दाम केलंय म्हणतं.
३. संत्री, बाटल्या, फुलं यांचे अर्थ किती लावायचे?
४. आपलं षडंग, म्हणजे भारतीय परंपरेतली चित्राची सहा अंगं, इथे लावलं तर चालेल का?

गेरू

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी फाइल तपासा. मूळ चित्र ९६ सेंमी उंच आणि १३० सेंमी रुंद आहे, म्हणजे रुंदीला उंचीने भागलं की १.३५ यायला हवेत. तुमच्या फाइलच्या पिक्सेलचा भागाकार १.४ च्या पुढे गेला तर कुणीतरी वरून-खालून कातरलंय. ए-फोरवर 'पान भरून' छापलं की नेमकं हेच होतं. खात्रीची खूण म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातली हिरव्या बुटांची दोन पावलं. झोक्यावर कसरत करणाऱ्या कलाकाराची आहेत ती. पावलं गायब असतील तर ती प्रत टाकून द्या. पेपरात 'कडेला कापलेल्या आकृती' यावर वाक्य लिहायचं आणि समोरची प्रतच कापलेली, असं नको.

मग वर्णन. दीड हजारातले साडेतीनशे ते चारशे शब्द बेलाशक इथे खर्च करा. अट एकच: या भागात भावनादर्शक विशेषण येता कामा नये. 'उदास मुलगी' नाही. नजर किंचित खाली, आपल्या डोळ्यांना थेट न भिडणारी, ओठ मिटलेले, दोन्ही तळवे संगमरवरी काउंटरच्या कडेवर टेकवलेले, हात शरीरापासून सुटलेले. गडद निळसर-काळं जाकीट, गळ्याला काळी फीत आणि त्यात लॉकेट, छातीशी फुलांचा गुच्छ, खाली करडा स्कर्ट. जाकिटाच्या गुंड्यांची रांग चित्राच्या मध्यरेषेवरून उतरते. काउंटरवर शॅम्पेनच्या सोनेरी वेष्टनाच्या बाटल्या, लाल त्रिकोणाच्या लेबलाची बिअर, हिरव्या मद्याची बाटली, काचेच्या उभ्या भांड्यात संत्री, पेल्यात दोन गुलाब. डाव्या टोकाच्या बाटलीच्या लेबलवर मानेची सही आणि साल. अख्ख्या चित्रात सही करायला त्याने विक्रीचा माल निवडला, हे नंतर सामाजिक भागात कामाला येईल. आत्ता फक्त नोंद.

रूपविश्लेषणासाठी दोन सोप्या कसरती. एक, चित्र करड्या छटांत बदला आणि डोळे बारीक करून पाहा. मुलीचं जाकीट हा सगळ्यात मोठा गडद आकार, खाली रुंद होत गेलेला त्रिकोण. उजवीकडचं प्रतिबिंब हा दुसरा गडद आकार. चित्राचा तोल त्यामुळे उजवीकडे कलायला हवा. डावीकडची गर्दी, झुंबर आणि खांबांवरचे दिव्यांचे पांढरे गोळे त्याला कसं अडवतात ते पाहा. दोन, एका जागेचा रंगलेप दुसऱ्या जागेशी ताडून पाहा. संत्र्याची साल, बाटलीच्या मानेवरचा कागद, पेल्याची काच हे जवळून, थांबून रंगवलंय. आरशातली माणसं मात्र दोन-चार फटकाऱ्यांत उरकली आहेत. टोपी म्हणजे एक काळा फटकारा, चेहरा म्हणजे एक गुलाबट ठिपका. मुलीच्या मागची जागा खोल दिसायला हवी, पण हा सैल लेप तिला सपाट पडद्यासारखी पुढे आणतो. रूपवादी परिच्छेदात सांगण्यासारखी खरी गोष्ट ही आहे. 'रेषा, रंग, आकार यांचा सुरेख मेळ' असली वाक्यं परीक्षक रोज वाचतात.

आलेखवही

प्रश्न २. वाद घालण्याआधी कागदावर आराखडा काढा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिली पायरी: आरसा तिरका आहे का? नाही. मुलीच्या हातांमागे आरशाच्या सोनेरी चौकटीची खालची पट्टी दिसते आणि ती काउंटरच्या कडेला समांतर जाते. आरसा तिरका असता तर पट्टीही तिरकी पडली असती.

दुसरी पायरी: आलेखाच्या कागदावर वरून दिसणारा नकाशा. १ मीटर = ४ सेंमी. आकडे मी हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून धरलेत, मानेच्या स्टुडिओतले मोजलेले नाहीत.

आडवी रेघ म्हणजे आरसा. मुलगी त्याच्यापुढे २ सेंमीवर (प्रत्यक्षात अर्धा मीटर). तिचं प्रतिबिंब आरशामागे २ सेंमीवर, बरोबर तिच्या रेषेत. मुलीतून आरशाला समांतर एक रेघ काढा. ती आपली चित्रपाटी. आता डोळा मुलीच्या अगदी समोर ठेवा. प्रतिबिंब तिच्याआड लपतं, दिसायलाच नको. १८८२ पासून लोक 'चूक' म्हणतात ते इथे.

आता डोळा आरशापासून १० सेंमीवर, पण मुलीच्या रेषेपासून ६ सेंमी उजवीकडे सरकवा. डोळ्यापासून प्रतिबिंबापर्यंत पट्टी लावा. ती चित्रपाटीला मुलीच्या उजवीकडे २ सेंमीवर छेदते, म्हणजे प्रत्यक्षात अर्धा मीटर. प्रतिबिंब आपसूक उजवीकडे गेलं, आरसा न हलवता.

तिसरी पायरी उंच टोपीवाल्या गृहस्थाची. त्याला आरशापासून ६ सेंमीवर आणि मुलीच्या रेषेच्या किंचित डावीकडे, ०.८ सेंमीवर उभा करा. त्याचं प्रतिबिंब आरशामागे ६ सेंमीवर. पट्टी लावली की छेद येतो उजवीकडे २.६ सेंमीवर, मुलीच्या प्रतिबिंबाच्या पलीकडे. मुलगी साधारण खऱ्या माणसाएवढी धरली तर चित्राची अर्धी रुंदी या मापात २.६ सेंमीच भरते, म्हणजे गृहस्थ चौकटीच्या उजव्या कडेवर येऊन कापला जातो. चित्रात तो असाच कापलेला आहे. आणि तो प्रत्यक्ष कुठे दिसेल? डोळ्यातून त्याच्यावरून जाणारी रेघ चित्रपाटीला ७.६ सेंमी डावीकडे भेटते, चौकटीच्या कितीतरी बाहेर. म्हणून तो आरशात आहे आणि काउंटरपाशी नाही.

ही मांडणी मॅल्कम पार्क या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने २००० च्या सुमारास प्रत्यक्ष आरसा, काउंटर आणि माणसं उभी करून, फोटो काढून दाखवली. निष्कर्ष: पाहणारा उजवीकडे, गृहस्थ डावीकडे चौकटीबाहेर, आणि दोघांचं आरशात दिसणारं 'संभाषण' हा कोनाचा परिणाम.

नेहमीची चूक: प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावर मांडणं. ते आरशामागे तितक्याच अंतरावर मांडायचं. इथे घसरलं की पुढची सगळी रेघाटणी वाया.

पोटमाळा

शीर्षक वाचून आधी साताऱ्याकडचे कुणी माने असतील असं वाटलं. आत येऊन आलेखाचा कागद शोधावा लागला. वाचनखूण साठवली आहे.

सफेदा

आलेखवही, हिशेब चोख आहे, पण 'कोडं सुटलं' म्हणून थांबू नका. तीन गोष्टी त्यात बसत नाहीत.

एक: डोळा मुलीपासून २ मीटर पुढे आणि दीड मीटर उजवीकडे असेल तर आपण तिच्याकडे सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहतोय. मग तिचा डावा गाल, डावा खांदा जास्त दिसायला हवा. चित्रात ती जवळजवळ आरपार सममित आहे. ती आपल्याकडे वळून उभी आहे म्हणावं, तर आरशातल्या पाठीलाही तोच कोन हवा.

दोन: आरशातली मुलगी गृहस्थाकडे किंचित झुकलेली आहे, समोरची ताठ. एकाच क्षणी दोन ठेवणी. शिवाय डावीकडच्या बाटल्यांची मांडणी आरशात तशीच्या तशी उतरत नाही.

तीन, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार: क्ष-किरण चित्रं. खालच्या थरांत प्रतिबिंब आधी मुलीच्या बरंच जवळ होतं, ते सरकवत सरकवत उजवीकडे नेलंय. तिचे हातही आधी काउंटरवर टेकलेले नव्हते, कमरेपाशी एकमेकांवर होते. मानेने याच चित्रासाठी केलेल्या १८८१ च्या छोट्या कच्च्या चित्रातही प्रतिबिंबाची जागा पटण्याजोगी आहे. जो माणूस प्रतिबिंब थरावर थर देत हलवतोय, तो एका ठरावीक जागी उभं राहून दिसलं ते उतरवत नव्हता. चित्र रंगलं तेही बारमध्ये नाही, स्टुडिओत, संगमरवरी फळी मांडून. मुलगी मात्र खरी, फोली-बेर्जेरमध्ये काम करणारी, सुझों नावाची.

म्हणून पेपरात 'चूक की मुद्दाम' हा प्रश्नच नका घेऊ. लिहायचं असेल तर असं: कोनाने प्रतिबिंबाची जागा समजावता येते, आकृत्यांची ठेवण येत नाही, आणि थरांवरून कळतं की जागा हळूहळू बदलत गेली. तिन्ही विधानांना तीन वेगळे पुरावे आहेत. असं लिहिणारा विद्यार्थी चित्राजवळ गेलाय हे लगेच कळतं.

आलेखवही

ठेवणीचा मुद्दा मान्य. समोरून पाहिलेली मुलगी आणि उजवीकडून पाहिलेला आरसा असे दोन कोन जोडलेत म्हटलं तरी माझा आराखडा आरशापुरता टिकतो. आकारांबद्दलही एक: या अंतरांवर प्रतिबिंब मुलीच्या दोन तृतीयांश आकाराचं यायला हवं. प्रिंटवर दोन्ही डोक्यांची उंची मोजून पाहा, मग अंतरं बदलून आराखडा पुन्हा काढा.

चौथी खुर्ची

सामाजिक आणि स्त्रीवादी वाचनाबद्दल. हे दोन परिच्छेद सर्वांत लवकर घोषणा होतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी जागा समजून घ्या. फोली-बेर्जेर १८६९ मध्ये सुरू झालं. कसरती, गाणं, नाच आणि सोबत पिणं. तिकीट काढून आत फिरता येत असे, एका जागी बसून राहायची सक्ती नाही. बूर्ज्वा (सुखवस्तू मध्यमवर्गी) गृहस्थ, कारकून, दुकानातल्या मुली, वेश्या सगळे एकाच छताखाली. कपड्यांवरून कोण कुठल्या थरातलं हे ओळखणं अवघड होत चाललेलं शहर होतं ते. कला-इतिहासकार टी. जे. क्लार्क यांनी १९८० च्या दशकात याच धाग्यावर बोट ठेवलं: मुलीच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही, आणि तसं वाचू न देणं हाच तिच्या नोकरीतला पोशाख आहे. त्यांचा मुद्दा घ्यायचा तर चित्रातल्या तीन ठिकाणी बांधा: चेहरा, जाकिटाची फॅशन, आणि काउंटरचा संगमरवर, जो तिला मालाच्या रांगेत उभा करतो. गेरूंनी सहीचं सांगितलंय, ते इथे जोडा.

समकालीन पुरावा हवा असेल तर तोही आहे. १८८२ च्या सालोंमध्ये (पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात) चित्र लागलं तेव्हा स्टॉप नावाच्या व्यंगचित्रकाराने त्याची नक्कल छापली. मुलीला त्याने 'दिलासा विकणारी' केलं आणि मूळ चित्रात काउंटरपाशी नसलेला गृहस्थ तिच्यासमोर उभा करून टाकला. त्यातून दोन गोष्टी मिळतात. बारवरच्या मुलीकडे लोक कुठल्या संशयाने बघत होते ते, आणि गृहस्थाची गैरहजेरी पहिल्याच वर्षी प्रेक्षकांना खटकली होती ते. सिद्धान्ताची दोन पानं उतरवण्यापेक्षा हा एक पुरावा जास्त काम करतो.

आता नजर. बहुतेक उत्तरांत असं येतं: 'प्रेक्षक गृहस्थाच्या जागी उभा आहे, म्हणून प्रेक्षकाची नजर पुरुषी ग्राहकाची.' आलेखवहींचा आराखडा खरा धरला तर हे वाक्य पडतं. डोळा उजवीकडे, गृहस्थ डावीकडे. दोघं एक नाहीत. म्हणजे स्त्रीवादी वाचन संपलं का? मुळीच नाही, प्रश्न बदलतो. आपण ग्राहक नसून बाजूने बघणारे असू, तर जी गृहस्थाशी बोलतेय असं आरसा सांगतो आणि जी कुणाशीच बोलत नाहीय असं समोरचा चेहरा सांगतो, त्या दोन बायका एकाच देहात का ठेवल्या? आणि १८८२ मध्ये ती बाजूची जागा कुणाला मिळू शकत होती? 'घरंदाज' बाईने तिथे एकटीने उभं राहणं शक्यतेतलं होतं का? आरशातल्या सज्ज्यात बायका आहेत. पिवळ्या हातमोज्यांची पांढऱ्या वेशातली बाई मेरी लोरां, मानेची मैत्रीण, अशी ओळख साधारण मान्य आहे. तिच्याजवळ आणखी एक बाई दुर्बिणीतून बघतेय, आणि ती काउंटरकडे बघत नाही. नजरेवर लिहिताना या बाईला वगळून चालणार नाही, आणि बहुतेक जण वगळतात.

'पुरुषी नजर' हा चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा, सिनेमाबद्दलचा विचार आहे हे विसरू नका. सिनेमात कॅमेरा कुठे आहे ते ठरलेलं असतं. या चित्रात तोच तर वाद आहे.

काजळी

प्रश्न ३. चित्रातल्या वस्तूंचे अर्थ लावण्याच्या, म्हणजे प्रतिमाविद्येच्या, तीन पायऱ्या कला-इतिहासकार पानोफ्स्कीने १९३९ मध्ये सांगितल्या. आधी नुसती वस्तू ओळखणं, मग ती वस्तू कुठल्या कथेचं किंवा रूढ संकेताचं चिन्ह आहे ते ठरवणं, आणि शेवटी त्या काळाची मनोवृत्ती. ही शिडी धर्मचित्रांना घट्ट बसते, कारण दुसऱ्या पायरीवर आधाराला ग्रंथ असतो. चाकाजवळ उभी राजकन्या दिसली की संत कॅथरीन, तसं. मानेच्या काउंटरमागे असा ग्रंथ नाही. म्हणून दुसऱ्या पायरीवर लोक मनाचं घालतात.

संत्री म्हणजे वेश्याव्यवसाय, असं समीकरण मांडणारं लेखन सापडेल. माझा नियम: एका वस्तूच्या अर्थाला निदान दोन आधार हवेत, त्यातला एक चित्रातला आणि एक त्या काळातला. संत्री बारवर विकायलाच ठेवली जात. ती तिथे असण्याला गूढ कारण लागत नाही. चित्रातला आधार म्हणाल तर निळसर-काळ्या आणि करड्या रंगांमध्ये नारिंगीचा तो एक ढीग मुलीच्या हातापाशी डोळा थांबवतो. तेवढं लिहा आणि पुढे जा.

लाल त्रिकोणाची बाटली ही बास या इंग्रजी कंपनीची बिअर. तो त्रिकोण ब्रिटनमधलं १८७६ चं पहिलं नोंदणीकृत बोधचिन्ह. काउंटरच्या दोन्ही बाजूंना ही बाटली आहे. यातून इंग्रज गिऱ्हाइकांची वर्दळ सुचवता येते. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर जर्मन बिअर नको म्हणून इंग्रजी, असाही तर्क करतात. तो तर्क म्हणूनच लिहा, 'यावरून सिद्ध होते' असं नको. पण एक गोष्ट तर्काची नाही: लेबलवरची अक्षरं वाचता येवोत न येवोत, त्रिकोण ओळखता येतो. चित्रातल्या मुलीचा चेहरा वाचता येत नाही आणि बिअरची कंपनी एका फटकाऱ्यात कळते. प्रतिमाविद्येचा परिच्छेद यावर उभा करा, संत्र्यांवर नको.

चरित्राचं थोडक्यात. माने तेव्हा खूप आजारी होता, पायांनी जवळजवळ अधू झालेला, आणि ३० एप्रिल १८८३ ला गेला. त्यावरून 'मुलीच्या डोळ्यांत चित्रकाराचं मरण' वगैरे लिहू नका. त्याच काळात त्याने पेल्यातल्या फुलांची छोटी चित्रं बरीच केली. काउंटरवरच्या दोन गुलाबांना त्यांच्या शेजारी ठेवलंत तर चरित्र उपयोगी पडेल, एरवी नाही.

मनोविश्लेषणाच्या वाटेला या शब्दमर्यादेत जाऊ नका. आरसा दिसला की फ्रेंच मनोविश्लेषक लाकां आणि त्याचा आरशाचा सिद्धान्त आठवतो, आणि चारशे शब्द तिथेच खर्ची पडतात.

वर्णिका

षडंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

'रूपभेदाः प्रमाणानि भावलावण्ययोजनम् । सादृश्यं वर्णिकाभङ्ग इति चित्रं षडङ्गकम् ॥' हा श्लोक कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेतला. लावायला मनाई नाही, पण सहा अंगांच्या सहा रकाने करून प्रत्येकात 'उत्तम' लिहिणं म्हणजे शाळेचं प्रगतिपुस्तक. सहाही घेऊ नका. या चित्रापुरतं 'सादृश्य' हे एकच अंग खोलवर घ्या, कारण चित्राचा पेच तिथेच आहे: बिंब आणि प्रतिबिंब सारखं असायला हवं, इथे एक ताठ आणि एक झुकलेलं. जोडीला 'प्रमाण' घ्या, आलेखवहींच्या दोन तृतीयांशाच्या हिशेबासाठी. मानेला हा श्लोक ठाऊक होता असं कुठेही सूचित होऊ देऊ नका. ही तुमची मोजपट्टी आहे, त्याची नव्हे.

आणि एक. कुठला दृष्टिकोन आधी, हे चित्रच ठरवतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घेतलात तर पहिला प्रश्न जागेचा: गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या अंगाला तो आहे, उजवीकडे वज्रपाणी, आणि समोर आत बुद्ध. पुस्तकात एकटा छापलेला पद्मपाणी पाहून लिहिलेलं विश्लेषण लंगडं पडतं. रविवर्म्याची छापील लक्ष्मी घेतलीत तर पहिला प्रश्न छपाईचा आणि बाजाराचा: १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेला छापखाना, दगडावरून रंगागणिक वेगळी छपाई, आणि घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचलेल्या प्रती. तिथे कुंचल्याच्या फटकाऱ्यावर परिच्छेद लिहिला तर तो छापणाऱ्या कारागिराच्या कामावर लिहिलेला असेल. मानेच्या बारमध्ये पहिला प्रश्न उभं राहण्याच्या जागेचा आहे, म्हणून आरसा आधी.

तिरकी रेघ

सगळ्यांचे आभार. आराखडा काढला, छेद बरोबर २ आणि २.६ वर आले. आता क्रम असा ठरवलाय: वर्णन ३५०, रंगलेप आणि छटा २५०, आरसा ३५०, समाज आणि नजर ४५०, उरलेले १०० बासच्या त्रिकोणाला. षडंग आरशाच्या परिच्छेदातच दोन वाक्यांत. आरशाच्या परिच्छेदाचा शेवट असा झालाय, बघाल का?

'आरशाच्या चौकटीची पट्टी काउंटरला समांतर आहे, म्हणजे आरसा तिरका नाही. तरीही मुलीचे प्रतिबिंब तिच्या मागे न दिसता उजवीकडे दिसते. प्रतिबिंबाची ही जागा पटण्यासाठी पाहणाऱ्याचा डोळा मुलीच्या उजवीकडे असावा लागतो. यातून मानेने पुरुषी नजरेवर प्रखर टीका केली आहे हे स्पष्ट होते.'

गेरू

पहिली तीन वाक्यं ठेवा. तिसऱ्यात 'उजवीकडे' कुणाच्या, हे लिहा: पाहणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे मुलीच्या डाव्या हाताला. मूर्ती किंवा आकृतीचं वर्णन करताना हा घोळ हमखास होतो आणि परीक्षक तिथेच लाल पेन उचलतो.

चौथं वाक्य काढा. कोनावरून थेट मानेच्या मनात उडी मारली आहे, मधला पूल नाही. 'प्रखर' आणि 'स्पष्ट' हे दोन शब्द पूल नसल्याची कबुली देतात. त्याजागी सफेदांचा मुद्दा येऊ द्या: 'मात्र याच जागेवरून मुलगी इतकी समोरासमोर दिसणार नाही, आरसा एका जागेवरून आणि मुलगी दुसऱ्या जागेवरून पाहिलेली आहे.' हे वाक्य चौथ्या खुर्चीच्या प्रश्नाला आपसूक दार उघडतं, आणि पुढचा परिच्छेद 'तर मग समोरची जागा कुणाची?' असा सुरू करता येतो. 'स्त्रीवादी म्हणतात' लिहायची गरजच उरत नाही. क्लार्कचं नाव तिथे एकदाच, चेहऱ्याच्या वाक्यापाशी.

क्ष-किरणाचं वाक्य आरशाच्या परिच्छेदात शेवटी न ठेवता मध्ये आणा. शेवटी ठेवलं की ते पुरवणीसारखं वाटतं.

चित्राखालची ओळ: कलाकार, शीर्षक, साल, माध्यम, माप, संग्रह, याच क्रमाने. मापात उंची आधी, मग रुंदी: ९६ × १३० सेंमी. उलटं लिहिलंत तर चित्र उभं होतं.

सफेदा

माध्यमात 'कॅनव्हासवर तैलरंग' असं पूर्ण लिहा. आणि १८८१ च्या कच्च्या चित्राचा उल्लेख करणार असाल तर त्याची वेगळी प्रतिमा, वेगळी ओळ द्या. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी, एकाच उंचीची छापा. मुलगी त्यात कुणीकडे वळली आहे आणि प्रतिबिंब कुठे आहे, हे शब्दांत सांगायला साठ-सत्तर शब्द जातील, ते वाचतील.